मुंबईच्या आकाशातील ध्रुवप्रकाश

४ फेब्रुवारी १८७२. रविवारची रात्र. त्या रात्री मुंबईच्या आकाशात ध्रुवप्रकाश दिसल्याची बातमी दोन दिवसांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त छापून आली. त्याच वेळी मुंबई-एडन समुद्रतारेवरचे संदेशही काही तास अडखळले होते. नॉर्वे-आइसलँडच्या आकाशाशी आपण ज्याचे नाते जोडतो, तो प्रकाश १९ अक्षांशावर कसा आला? आणि आज गोखिवऱ्याच्या एखाद्या गच्चीवरून तो दिसेल का?

सूर्यावरील स्फोटातून विद्युतभारित कणांचा प्रचंड लोट सुटतो आणि पृथ्वीच्या चुंबकीय आवरणावर आदळतो. मग आवरणातले कण ध्रुवांभोवतीच्या वर्तुळाकार पट्ट्यात खाली कोसळतात. त्यांचे धक्के बसून ऑक्सिजनचे अणू उजळतात. सुमारे १०० ते १५० किलोमीटर उंचीवर हिरवा प्रकाश निघतो, तर २०० किलोमीटरच्या वर तांबडा. वादळ जितके मोठे, तितका हा पट्टा विषुववृत्ताकडे सरकतो.

पट्टा आपल्या डोक्यावर यावाच लागतो असे नाही, कारण उंचावरचे दुरून दिसते. ४०० किलोमीटर उंचीवरचा प्रकाश पृथ्वीची गोलाई जमेस धरूनही सुमारे २,२०० किलोमीटरवरून, म्हणजे साधारण २० अक्षांशांच्या अंतरावरून क्षितिजाला टेकलेला दिसू शकतो. हिरवा प्रकाश खालच्या थरातला, म्हणून तो क्षितिजाआड जातो. दक्षिणेकडून पाहणाऱ्याच्या वाट्याला उरतो तो तांबडा.

१० मे २०२४ च्या रात्री लडाखमधील हानले येथे नेमके हेच घडले. सुमारे ४,५०० मीटर उंचीवरील भारतीय खगोल वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी उत्तर क्षितिजालगतची लाल आभा टिपली. हानले जवळजवळ ३३ अक्षांशावर, गोखिवरे साडेएकोणीसच्या आसपास. गोखिवऱ्याची नजर उत्तरेकडे फार तर चाळिसाव्या अक्षांशापर्यंत पोचते. हानलेहून दिसलेली आभा त्याहून पुष्कळ उत्तरेला होती. म्हणजे त्या रात्री आपल्याकडे आकाश कितीही निरभ्र असते, तरी काही दिसले नसते. त्यासाठी १८७२ सारखे वादळच हवे.

असे वादळ आलेच, तर पाहायचे कसे? अंधुक प्रकाशात आपल्या डोळ्यांना रंग ओळखता येत नाहीत आणि तांबडा तर जवळजवळ दिसतच नाही. कॅमेरा मात्र सेकंदामागून सेकंद प्रकाश साठवत राहतो. तिपाई, रुंद दृश्य टिपणारी लेन्स, मोठे छिद्र, १,६०० ते ३,२०० आयएसओ, एखाद्या तेजस्वी ताऱ्यावर हाताने साधलेला फोकस आणि १० ते १५ सेकंदांचे उद्भासन, इतके पुरते. झोत हलताना दिसत असतील तर वेळ कमी करावा, नाहीतर आकार पुसले जातात. एकच छायाचित्र मात्र पुरावा ठरत नाही. गोखिवऱ्याहून उत्तरेला पाहिले की नालासोपारा-विरारच्या दिव्यांचा उजेड ढगांवर आणि धुळीवर पसरलेला असतो, आणि तोही तांबूसच दिसतो. म्हणून त्याच जागेवरून, त्याच मापांनी, रात्रभर ठरावीक अंतराने चित्रे घ्यावीत. वस्तीचा उजेड एकाच जागी राहतो. ध्रुवप्रकाश उजळतो, विरतो, सरकतो.

मुंबईने दिलेला सर्वांत भक्कम पुरावा मात्र आकाशाच्या चित्राचा नाहीच. कुलाबा वेधशाळेत लोहचुंबकाच्या सुईची हालचाल १८४० च्या दशकापासून नियमित नोंदली जात होती. २ सप्टेंबर १८५९ च्या प्रसिद्ध वादळात तेथील आडव्या चुंबकीय क्षेत्रात सुमारे १,६०० नॅनोटेस्लांची घट नोंदली गेली. मे २०२४ चे वादळ मोजले गेले ते साधारण ४०० नॅनोटेस्लांचे. ही दोन मापे काटेकोरपणे एकाच जातीची नाहीत, पण फरकाची कल्पना यावी इतपत बोलकी आहेत. पुढे हाताने नोंदी घेण्याची गरज उरली नाही. सुईला जोडलेल्या आरशावरून परतलेला प्रकाशकिरण फिरत्या फोटोग्राफिक कागदावर आपोआप रेघ ओढू लागला. आकाश ढगाळ असो वा भर दुपार, वादळाचे छायाचित्र निघतच राहिले.

मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार हे ठरल्यावर त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडतील हे ओळखून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. दोन्ही ठिकाणच्या नोंदी काही काळ बरोबरीने घेऊन ताडून पाहिल्या गेल्या. नानाभाई फ्रामजी मूस यांच्या काळात झालेल्या या दूरदृष्टीच्या कामामुळेच कुलाबा-अलिबागची मालिका अखंड राहिली.

अलिबागच्या सुईसाठी आपण शांतता राखली. डोळ्यांसाठी अंधार राखला नाही. १८७२ मध्ये वादळाने तारायंत्रे अडखळली. आज तशाच वादळाने वीजवाहिन्या, उपग्रह आणि दिशादर्शन संकटात येईल. कदाचित त्याच रात्री वीज जाईल, विरारपर्यंतचे दिवे मालवतील, आणि गोखिवऱ्याच्या गच्चीवरून उत्तर क्षितिज प्रथमच काळे दिसेल. तेव्हा त्या काळोखावर लाली चढली, तर तिचे नाव आपल्याला ठाऊक असावे.