माहुली पुन्हा घेताना

खडवलीत दिवाळीचा किल्ला भाताच्या कापणीबरोबर उभा राहू लागतो. शेतं मोकळी व्हायला लागतात, खळ्यावर पेंढा येतो, भातसा नदीचं पाणी उतरून काठाला गाळ उघडा पडतो आणि शाळेच्या परीक्षा आटोपलेल्या असतात. माती, तूस, पाणी आणि वेळ, किल्ल्याला लागणाऱ्या चारही गोष्टी एकाच आठवड्यात हाताशी येतात. कसारा मार्गावर टिटवाळा आणि वासिंदच्या मधलं हे गाव रविवारी नदीवर येणाऱ्या गर्दीमुळे लोकांना ठाऊक आहे. मी जातो ते एका अंगणातला किल्ला पाहायला. तिथे दहा-बारा मुलं दरवर्षी किल्ला बांधतात.

२०२० पासून तो किल्ला बहुतेक वेळा सिंहगडच असायचा. त्या वर्षीच्या १० जानेवारीला ओम राऊत यांचा ‘तान्हाजी’ प्रदर्शित झाला. अजय देवगणचा तान्हाजी आणि सैफ अली खानचा उदयभान या मुलांनी मोठ्या पडद्यावर पाहिले, पुढे टीव्हीवर आणि मोबाइलवरही पुन्हा पुन्हा पाहिले. त्या दिवाळीपासून मातीच्या सिंहगडावर पुठ्ठ्याची एक अवाढव्य तोफ आली. चित्रपटातली ‘नागिन’ ती हीच. कड्यावरून सुतळी सोडली जाई, तिला लटकलेले मावळे दिसत, आणि पाहायला आलेल्या प्रत्येकाला तानाजी मालुसऱ्यांनी सिंहगड घेतला ती ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र ऐकवली जाई. एरवी इतिहासाच्या तासाला मान खाली घालून बसणारी पोरंही ही रात्र न अडखळता सांगत. चित्रपटाचं हे श्रेय मोठं आहे आणि ते मोकळेपणाने द्यायला हवं.

या कथेची ओढ चित्रपटसृष्टीलाही जुनीच आहे. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटर यांनी १९२३ साली ‘सिंहगड’ केला. रात्रीची लढाई दाखवायची म्हणून त्यांनी विजेचे दिवे लावून चित्रीकरण केलं. त्या काळी सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या भारतीय चित्रपटात ही मोठी गोष्ट होती. त्यात शेलारमामा झालेल्या व्ही. शांताराम यांनी पुढे दहा वर्षांनी प्रभातसाठी स्वतः ‘सिंहगड’ दिग्दर्शित केला. मूकपटापासून त्रिमिती चित्रपटापर्यंत ही एक रात्र पुन्हा पुन्हा पडद्यावर आली आहे.

या वेळी मात्र अंगणात वेगळाच बेत ठरला. किल्ला परत घेण्याचाच प्रसंग करायचा, पण आपल्या दारातल्या किल्ल्याचा. खडवलीहून कसाऱ्याकडे निघालं, वासिंद मागे पडलं की आसनगावपर्यंत गाडीच्या डाव्या हाताला सुळक्यांची एक लांब रांग दिसते. ती माहुली. उंची २,८१५ फूट. १६३६ साली शहाजीराजांना मोगल आणि आदिलशाही फौजांपुढे इथेच शरण जावं लागलं. पुढे शिवाजी महाराजांनी माहुली स्वराज्यात आणली. १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत कोंढाण्यासोबत, म्हणजेच सिंहगडासोबत, माहुलीही होती. आणि कोंढाणा परत आला त्याच १६७० साली माहुलीही परत आली. तिच्यावर चित्रपट झालेला नाही. मुलांनी ठरवलं, आपण ती मातीत करू.

कामाला सुरुवात झाली आणि सिंहगडाचा सराव इथे पुरणार नाही हे पहिल्याच दिवशी कळलं. सिंहगडासाठी मधोमध विटांचा ढीग रचला, वरती माथा सपाट केला आणि दोन बाजूंना पुणे दरवाजा व कल्याण दरवाजा काढला की रूप येतं. माहुली हा तीन गडांचा जोडकिल्ला आहे. उत्तरेला पळसगड, मध्ये माहुली, दक्षिणेला भंडारगड, आणि त्यांच्यामध्ये खिंडी. भंडारगडापलीकडे वजीर, नवरा, नवरी असे सुळके. एका ढिगातून हे साधणार नव्हतं. मुलांनी मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा उघडला, त्यावरून अंगणात कोळशाने उत्तर-दक्षिण रेघ ओढली आणि त्या रेघेवर विटांचा कणा रचला. विटा वीटभट्टीवरच्या, गेल्या हंगामातले फुटके तुकडे. त्यांच्या फटींत नदीतले गोटे, वरून भिजवलेलं गोणपाट. सुळक्यांसाठी बांबूच्या कामट्या उभ्या रोवल्या आणि त्यांना सुतळी गुंडाळली, म्हणजे चिखल धरून राहतो.

चिखलाचं काम भट्टीवर राबलेल्या एका शेजारच्या काकांच्या देखरेखीखाली झालं. शेतातली माती चाळून घेतली, तिच्यात भातसेचा गाळ आणि भाताचं तूस घातलं. पाणी टाकून ती रात्रभर तशीच ठेवली. सकाळी पायांनी तुडवली. मग काकांनी एक वळी करून बोटाभोवती वाकवली. तिला चिरा गेल्या. “अजून गाळ,” ते म्हणाले. दुसरी वळी वाकली पण तुटली नाही, तेव्हा लिंपायला परवानगी मिळाली. तूस कमी पडलं तर ऊन लागताच किल्ला फुटतो, जास्त झालं तर तट ठिसूळ होतात. हे प्रमाण कुठे लिहिलेलं नाही, हाताला कळावं लागतं. दोन दिवसांत तिथल्या आठ वर्षांच्या मुलालाही ते कळू लागलं होतं.

कडा करायची वेळ आली तेव्हा अंगण गप्प झालं. सगळ्यांत लक्षपूर्वक होणारं काम हेच. चिखल ओला असताना कडा काढला तर तो घसरतो, पूर्ण वाळल्यावर काढला तर ढलपे पडतात. माती अर्धी सुकून चामड्यासारखी झाली की करणी उभी धरून वरून खाली एका दमात कापायचं. मोठ्या मुलीने तो कापला. मग तिने करणीच्या टोकाने आडव्या रेघा मारल्या, कारण सह्याद्रीचा कातळ थरांचा आहे. लाव्हा थरावर थर साचून हे डोंगर झाले, म्हणून कड्याला मध्ये मध्ये अरुंद पट्ट्या असतात. चढणाऱ्याचा पाय टेकतो तो याच पट्ट्यांवर. पडद्यावरचा कडा संगणकाने उभा केलेला असतो आणि कॅमेरा त्याच्यावरून पाखरासारखा फिरतो. इथे मात्र कडा चढण्याजोगा आहे की नाही, हे बोटांनी चाचपून पाहावं लागतं.

तट बांधताना मुलांनी एक चांगला प्रश्न विचारला. सिंहगडावर आम्ही भोवती तट फिरवायचो, इथेही फिरवायचा का? त्यांच्यातल्या माहुली चढून आलेल्या एका दादाने समजावलं. जिथे कडा ताशीव आहे तिथे डोंगरच तट असतो. माणसाने भिंत घालायची ती जिथे डोंगर वाट देतो तिथे: खिंडीत, घळीत, सोंडेवर. म्हणून महादरवाजा आणि पहारेकऱ्यांच्या देवड्या वाटेच्या तोंडाशी आल्या, आणि बुरूज असा ठेवला की वर येणारा माणूस त्याच्या माऱ्यात राहील. हे नीट जमलं का, ते पाहायला त्या मुलीने युक्ती काढली. बुरुजावर उभ्या केलेल्या मातीच्या पहारेकऱ्याच्या डोळ्यापासून तिने दोरा ताणला आणि वाटेच्या प्रत्येक वळणापर्यंत नेला. दोरा मातीला अडला तर ती जागा पहारेकऱ्याला दिसत नाही. अडला नाही तर दिसते. मग ती पालथी पडली आणि पायथ्याशी गाल टेकवून खालून वर पाहू लागली, चढणाऱ्या मावळ्याच्या नजरेने. तिच्या पाठोपाठ सगळी मुलं पालथी पडली.

त्यांचं हे पाहणं मला फार मोलाचं वाटलं. गडकोटांच्या लढाईचा सारा विचार त्या ताणलेल्या दोऱ्यात आहे. कोण कुठून दिसतो, कुठे लपता येतं, कुठे एक जागा माणूस शंभरांना अडवू शकतो.

आणि माहुलीवर नेमकं हेच घडलं होतं. १६७० च्या फेब्रुवारीत, सिंहगड हाती आला त्याच महिन्यात, मराठ्यांनी माहुलीवर रात्री दोर-शिड्या लावून चढाई केली. मोगलांचा किल्लेदार मनोहरदास गौड सावध होता. त्याने वर आलेल्यांवर झडप घातली, पुष्कळ मावळे कापले गेले, कित्येक कड्यावरून खाली लोटले गेले. चढाई फसली. पुढे मनोहरदासाने किल्लेदारी सोडली आणि त्याच्या जागी अलिवर्दी बेग आला. १६ जूनला मोरोपंत पिंगळ्यांनी माहुली घेतली. जून म्हणजे या भागात मृगाचा पाऊस, ओला कातळ, शेवाळलेली वाट. अशा दिवसांत हा गड परत आला.

हे ऐकून झाल्यावर अंगणात वाद रंगला. किल्ल्यावर दाखवायचं काय? धाकट्या मुलांना जून हवा होता: भगवा लागलेला, मोरोपंत दरवाजात, मावळे माथ्यावर. मोठ्या मुलीने फेब्रुवारी सोडायला साफ नकार दिला. “तेपण आपलेच होते ना?” ती म्हणाली. त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. अखेर दोन्ही दाखवायचं ठरलं. पूर्वेच्या कड्यावरून तुटलेली सुतळी सोडली आणि पायथ्याशी पडलेले मावळे ठेवले. बाजारात मिळणारे मावळे सगळे तलवार उगारलेले, ऐटीत उभे असतात. पडलेला मावळा विकत मिळत नाही. म्हणून मुलांनी ते उरलेल्या चिखलातून स्वतः वळले, उन्हात वाळवले आणि गेरूने रंगवले. दुसऱ्या बाजूला जूनची चढाई केली आणि दरवाजावर भगवा लावला.

अळीव पेरायचं काम शेवटी आलं. दाणे रात्रभर भिजवले की चिकट होतात आणि उतारावरही धरून राहतात. मुलांनी ते कड्यावर टाकले नाहीत. पायथ्याशी मात्र दाट पेरले, कारण माहुलीच्या पायथ्याला तानसा अभयारण्याचं घनदाट रान आहे. पाणी घालायचं तर ओंजळीतून, बोटांच्या फटीतून, नाहीतर दाणे वाहून जातात. परतीच्या पावसाची एक जोरदार सर आली तेव्हा सगळ्यांनी मिळून ताडपत्री धरली. चार-पाच दिवसांत कोंब आले आणि वसुबारसेला पायथा हिरवागार झाला.

दिवाळीत लोक पाहायला येऊ लागले, तेव्हा मुलांनी पाळीपाळीने किल्ला सांगायचं काम घेतलं. ठाणे-डोंबिवलीच्या किल्ला स्पर्धांत परीक्षक तटाची रेघ, रंग, देखावा पाहतात. इथे येणाऱ्यांचं पहिलं बोट मात्र पडलेल्या मावळ्यांकडे जाई. हे कोण? मग एखादा मुलगा फेब्रुवारीपासून सुरुवात करी, मनोहरदासाचं नाव घेई, दोरा ताणून बुरुजावरून काय दिसतं ते दाखवी, आणि मग जूनकडे वळे. आसनगावला नोकरीला जाणारे कितीतरी लोक म्हणाले, आम्ही रोज हा डोंगर पाहतो, त्यावर असं काही झालं हे ऐकलंच नव्हतं.

दोन किल्ल्यांच्या या दोन गोष्टी एकमेकींना पूरक आहेत. तानाजी मालुसऱ्यांचं बलिदान सांगायलाच हवं, कारण त्यांनी त्या रात्री जे केलं ते क्वचित कुणाला जमतं. पण मुलांना रोजच्या जगण्यात बहुधा माहुलीच भेटते. पहिला प्रयत्न फसतो, जवळची माणसं गमवावी लागतात, समोरचा सावध असतो आणि ऋतूही साथ देत नाही. अशा वेळी पुन्हा उभं राहायचं असतं. १६७० साली गमावलेले किल्ले एकामागून एक परत आले ते याच चिकाटीमुळे. फेब्रुवारीची हार झाकून जूनचा विजय सांगितला तर ही चिकाटी दिसतच नाही.

म्हणून माझं सांगणं सरळ आहे. कल्याण, ठाणे, शहापूर, मुरबाडच्या मुलांनी सिंहगड, रायगड जरूर बांधावेत, पण एखादं वर्ष आपल्या खिडकीतून दिसणाऱ्या गडाला द्यावं: माहुलीला, मलंगगडाला, गोरखगडाला, खाडीकाठच्या दुर्गाडीला. आधी तो नकाशावर शोधावा, मग मातीत बांधावा, आणि थंडीत जाणत्या माणसांसोबत प्रत्यक्ष चढावा. खडवलीची मुलं आता माहुलीला जायचा बेत करत आहेत. बुरुजावरून खरोखर काय दिसतं, हे त्यांना पाहायचं आहे, आणि तिथे ताणून पाहायला दोऱ्याचं रीळ त्यांनी आधीच बाजूला काढून ठेवलं आहे.