ओळखीचा, पण कशावरून?

गणपती गेले, नवरात्र तोंडावर आलं, की गिरगाव-दादरच्या दिवाळी अंकांच्या कचेऱ्यांत मेलची झुंबड उडते. कथा येतात, कवितांची बाडं येतात, जाहिरातींची आर्टवर्क येतात, लोअर परळच्या औद्योगिक वसाहतींतल्या छापखान्यांकडून पीडीएफमधली प्रुफं येतात. याच दिवसांत एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘अहो, पाठवून चार दिवस झाले!’ मग शोधाशोध होते आणि लेख सापडतो स्पॅमच्या ढिगाऱ्यात, लॉटरी आणि वजन घटवण्याच्या गोळ्यांच्या शेजारी. संपादक वैतागतात. ऑफिसचे कंप्युटर सांभाळणाऱ्या मुलाला फोन जातो : ‘अरे, हे आपले वीस वर्षांचे लेखक आहेत. यांचे मेल अडवू नकोस, सरळ आत येऊ दे.’ तोही म्हणतो, ‘व्हाइटलिस्ट करून टाकतो, सर.’ दोन मिनिटांचं काम.

या दोन मिनिटांत नेमकं काय होतं, हे फोन करणाऱ्याला सहसा ठाऊक नसतं. मंडळाचा चिटणीस, पतपेढीचा मॅनेजर, सोसायटीचा सेक्रेटरी, छोट्या प्रकाशनाचा मालक असे सगळेच कधी ना कधी हा फोन करतात. म्हणून ते जरा उलगडून पाहू.

नाव कुणीही लिहावं

मेलची मूळ पद्धत भाबडी आहे. आज जगभर मेल ज्या नियमांनी इकडून तिकडे जातो, ते मूळ नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहिले. तेव्हा नेटवर्कवर होती विद्यापीठं आणि संशोधनसंस्था; बहुतेक मंडळी एकमेकांना ओळखणारी. त्यामुळे पाठवणाऱ्याने स्वतःचं जे नाव लिहिलं ते खरं धरायचं, असाच रिवाज पडला. मेलमध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता दोनदा येतो. एक सर्व्हर एकमेकांशी बोलताना सांगतात तो आणि दुसरा तुम्हाला स्क्रीनवर दिसतो तो. हे दोन पत्ते सारखेच असले पाहिजेत अशी सक्ती मूळ नियमांत नाही. कुणी लंडनच्या कंप्युटरवर बसून पाठवणाऱ्याच्या जागी तुमच्या संपादकांचा पत्ता टाकला, तरी जुन्या पद्धतीचा सर्व्हर तो निमूट पुढे पाठवतो.

या भाबडेपणाचा फायदा घ्यायला फार काळ लागला नाही. खरं तर हे नियम लिहिले जाण्याच्याही आधी, ३ मे १९७८ रोजी, डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या गॅरी थ्यूर्क यांनी अमेरिकेतल्या सुमारे चारशे जणांना कंप्युटरची जाहिरात एकदम धाडली होती. तिला जगातला पहिला स्पॅम म्हणतात. आपल्याकडे फोर्टातल्या ‘विदेश संचार निगम’ने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. मोडेमची किरकिर ऐकत ‘व्हीएसएनएल’चा पत्ता मिरवणाऱ्या पिढीला स्पॅमही त्याच तारेतून मिळाला.

गुण देणारा परीक्षक

त्यावर उतारा म्हणून चाळण्या आल्या. जगात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या चाळण्यांपैकी एक म्हणजे २००१ मध्ये जस्टिन मेसन यांनी सुरू केलेली ‘स्पॅमअसॅसिन’. ती मेल वाचते आणि गुण देते. फक्त इथे गुण जितके जास्त तितकं वाईट. मूळ मांडणीत पाच गुण झाले की मेल स्पॅम. पाठवणारा सर्व्हर काळ्या यादीत आहे? गुण. सर्व्हरच्या क्रमांकाला नाव नाही? गुण. तारीख भलतीच? गुण. शिवाय २००२ मध्ये पॉल ग्रॅहॅम यांच्या एका निबंधाने लोकप्रिय केलेली शब्दांच्या संभाव्यतेची पद्धत आहेच : या शब्दांचे मेल आजवर किती वेळा स्पॅम निघाले, याचा ती हिशेब ठेवते.

आता आपली सज्जन मंडळी यात कशी सापडतात ते पाहा. लालबाग-परळमधल्या एखाद्या मंडळाने अमृतमहोत्सवाची निमंत्रणपत्रिका पाठवली. मजकूर शून्य, नुसतं एक भलंमोठं चित्र. स्पॅमवाले शब्द पकडले जाऊ नयेत म्हणून मजकूर चित्रात लपवतात, हे चाळणीला माहीत असल्यामुळे नुसत्या चित्राच्या मेलला गुण लागतात. मंडळाची वेबसाइट आणि मेल स्वस्तातल्या होस्टिंगवर. तिथे एकाच सर्व्हरवर शेकडो गिऱ्हाइकं. त्यातल्या एकाने स्पॅम पाठवला की सर्व्हरचा क्रमांक काळ्या यादीत जातो आणि त्याच्याबरोबर मंडळाची पत्रिकाही. वर एकच मेल पाचशे सभासदांना एका दमात. पाच गुण भरायला एवढं पुष्कळ झालं.

आणखी एक चाळणी २००३ पासून वापरात आहे, ग्रेलिस्टिंगची. अनोळखी सर्व्हर आला की ती ४५० हा आकडा देऊन ‘आता नाही, थोड्या वेळाने या’ म्हणते. खरा सर्व्हर परत येतो, घाईतला स्पॅमवाला येत नाही. युक्ती झकास, पण बँकेचा ओटीपी मेलवर मागवला असेल तर तो परत येईपर्यंत शिळा झालेला असतो. ‘या बँकेचे मेल थांबवू नकोस’ हा फोन तेव्हाच जातो.

म्हणजे व्हाइटलिस्टची मागणी चुकीची नाही. चाळणी चुकते आणि तिला दुरुस्त करावं लागतं. सगळी मेख आहे ती दुरुस्ती कशी करायची यात.

उणे शंभर

सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे स्क्रीनवर दिसणारा पत्ता यादीत टाकायचा. स्पॅमअसॅसिनमध्ये अशी नोंद केली की त्या पत्त्याच्या नावाने येणाऱ्या मेलला उणे शंभर गुण मिळतात. पाचाला अडवणाऱ्या चाळणीत उणे शंभर! तीस गुणांचा अट्टल स्पॅम त्या नावाने आला, तरी बेरीज उणे सत्तर आणि मेल थेट इनबॉक्समध्ये. वर सांगितल्याप्रमाणे ते नाव तर कुणीही लिहू शकतो. म्हणजे आपल्या लेखकासाठी म्हणून उघडलेलं दार त्याचं नाव ठाऊक असलेल्या प्रत्येकाला उघडं. मोठ्या संस्थांची नावं जगाला ठाऊकच असतात. ज्यांना आपण सर्वांत विश्वासू समजतो त्यांचंच सोंग सर्वाधिक घेतलं जातं, ते यामुळे.

काही जण याहून पुढे जातात आणि स्वतःच्याच संस्थेचं अख्खं डोमेन, म्हणजे पत्त्यातला ‘@’ च्या पुढचा भाग, व्हाइटलिस्टमध्ये टाकतात : ‘आपलेच मेल आपल्याला कशाला अडायला हवेत?’ मग ‘अध्यक्षां’च्या नावाने खजिनदाराला मेल येतो, अमुक खात्यावर तातडीने रक्कम पाठवा, मी मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका. चाळणी चकार शब्द काढत नाही. तिला गप्प राहायला आपणच सांगितलेलं असतं.

विश्वासाच्या नावाची किंमत किती असू शकते याचं उदाहरण दक्षिण मुंबईतच आहे. जुलै २०१६ मध्ये नरिमन पॉइंटला मुख्यालय असलेल्या युनियन बँक ऑफ इंडियाच्या परदेशातल्या खात्यातून सुमारे १७ कोटी १० लाख डॉलर वळवण्याचा प्रयत्न झाला. त्याची सुरुवात एका मेलपासून झाल्याचं पुढे प्रसिद्ध झालं. मेल रिझर्व्ह बँकेकडून आल्यासारखा दिसत होता, एका कर्मचाऱ्याने त्याचं अटॅचमेंट उघडलं आणि घातक प्रोग्रॅम आत शिरला. बँकेच्या लक्षात वेळीच आलं आणि पैसे परत मिळाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत बांगलादेश बँकेचे मात्र ८ कोटी १० लाख डॉलर गेले होते. रिझर्व्ह बँकेचं नाव वाचून बँकेतला माणूस थबकणार नाही, याची चोरांना खात्री होती. माणसाच्या मनातही एक व्हाइटलिस्ट असते आणि तीसुद्धा नावावरच चालते.

ओळखदाराची सही

याच दक्षिण मुंबईत सहकारी बँका जन्मल्या : शामराव विठ्ठल १९०६ मध्ये, एनकेजीएसबी १९१७ मध्ये, सारस्वत १९१८ मध्ये. समाजातल्या ओळखीपाळखीवर उभ्या राहिलेल्या या संस्था. तरीही बँकांत खातं उघडायला पूर्वी ओळखदार लागे आणि त्याने नुसतं ‘मी यांना ओळखतो’ म्हणून भागत नसे. फॉर्मवर त्याची सही लागे आणि कारकून ती बँकेकडच्या नमुना सहीशी ताडून पाही. मेलच्या जगाने हीच गोष्ट बऱ्याच उशिरा केली.

तिचे तीन भाग आहेत. पहिला एसपीएफ : आमच्या डोमेनचे मेल कोणकोणत्या सर्व्हरवरून निघतात, ही यादी संस्था जाहीर करते. दुसरा डीकेआयएम : प्रत्येक मेलवर सर्व्हर गणिती सही करतो, वाटेत मजकूर बदलला तर सही जुळत नाही. तिसरा डीमार्क : स्क्रीनवर दिसणारं डोमेन आणि या दोनपैकी एका तरी तपासणीत खरं ठरलेलं डोमेन एकच आहे का, हे पाहतो; नसेल तर मेलचं काय करायचं तेही संस्थाच सांगून ठेवते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने दिवसाला पाच हजारांहून अधिक मेल पाठवणाऱ्यांना आणि याहूने मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही गोष्टी बंधनकारक केल्या. गूगलच्या नियमांनुसार छोट्यांनाही पहिल्या दोनपैकी एक तरी लागतेच.

हे स्वतः पाहणं अवघड नाही. कंप्युटरवर जीमेलमध्ये मेल उघडा, उजवीकडच्या तीन टिंबांवर जा आणि ‘शो ओरिजिनल’ निवडा. वर छोटासा तक्ता दिसेल : एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क आणि प्रत्येकासमोर ‘पास’ किंवा ‘फेल’. ज्याला व्हाइटलिस्ट करायचं त्याचा एक जुना, खात्रीचा मेल असा उघडून पाहावा. तीनही ‘पास’ असतील, तर ‘या डोमेनची सही असेल तरच आत घे’ अशी नोंद करता येते. स्पॅमअसॅसिनमध्ये तशी वेगळी सोय आहे. गूगलच्या संस्थांसाठीच्या सेवेतही मान्य पाठवणाऱ्यांच्या यादीत ‘तपासणी आवश्यक’ अशी खूण असते. ती काढू नये. तुमचा आग्रह मग नावासाठी राहत नाही, सहीसाठी राहतो.

एक अडचण मात्र नेहमी येते. मंडळाचा झोकदार पत्ता असतो; पण त्यावर आलेले मेल चिटणिसांच्या जीमेलवर आपोआप पुढे ढकललेले असतात. पुढे ढकलणारा सर्व्हर मूळ पाठवणाऱ्याच्या यादीत नसल्यामुळे एसपीएफ ‘फेल’ होतो. वाटेत मेलखाली ‘मंडळाच्या वतीने’ असं काही जोडलं गेलं तर डीकेआयएमची सहीही मोडते. खरा माणूस खोटा ठरतो. अशा वेळी व्हाइटलिस्ट वाढवण्यापेक्षा मेल ढकलणं बंद करून तो पत्ता थेट वाचावा, हे सोपं आणि सुरक्षित.

सरकारी व्हाइटलिस्ट

हाच विचार आता देशपातळीवर आला आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हे वेगळं डोमेन जाहीर केलं आणि पुढे त्यावर स्थलांतरासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. त्याची नोंदणी हैदराबादच्या ‘आयडीआरबीटी’ या संस्थेकडूनच होते. वाटेल त्याला ते मिळत नाही. बँकेच्या नावात एखादं अक्षर बदलून भलतंच डोमेन विकत घेण्याचा धंदा त्यामुळे ओळखू येतो.

एसएमएसचंही तसंच. २०१८ च्या नियमांनुसार व्यावसायिक संदेश पाठवणाऱ्याला आपलं शीर्षक आणि मजकुराचा साचा आधी नोंदवावा लागतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून संदेशातली लिंकही आधी नोंदवलेली असावी लागते. २०२५ पासून शीर्षकाच्या शेवटी पी, एस, टी, जी यांपैकी एक अक्षर दिसतं : जाहिरात, सेवा, व्यवहार आणि सरकार. फोनवरच्या त्या शेवटच्या अक्षराकडे बघायची सवय लावून घ्यावी.

सही खरी, माणूस?

इतकं करूनही एक गोष्ट उरते. सही खरी असली म्हणजे हेतू खरा असतोच असं नाही. छापखानेवाल्याचा पासवर्डच चोरीला गेला, तर चोर त्याच्याच खात्यातून, त्याच्याच सहीने बिल पाठवतो. फक्त बँकेचा खाते क्रमांक बदललेला. तिन्ही तपासण्या ‘पास’. म्हणून व्हाइटलिस्टने स्पॅमच्या गुणांतून सूट द्यावी, व्हायरसच्या तपासणीतून कधीही देऊ नये. मायक्रोसॉफ्टची सेवा तर मान्य यादीत नाव असलं तरी व्हायरस आणि खात्रीचं फिशिंग मुळात सोडतच नाही, हे योग्यच आहे. आणि खाते क्रमांक बदलल्याचा मेल आला की उत्तर मेलवर देऊ नये. आपल्याकडच्या जुन्या नंबरवर फोन करावा. पैसे गेलेच तर पहिला फोन १९३० वर, तोही ताबडतोब.

तेव्हा पुढच्या वेळी ‘यांना आत येऊ दे’ म्हणताना कंप्युटर सांभाळणाऱ्या त्या मुलाला एक वही ठेवायला सांगा. कुणाचा पत्ता, कुणी सांगितला, कशासाठी, कोणत्या तारखेला, कुठल्या तपासणीवर, एवढं एका ओळीत मावतं. दर वर्षी अंक छापून झाला की ती वही चाळायची. बंद पडलेल्या मासिकाचं, सोडून गेलेल्या जाहिरात एजन्सीचं नाव कापायचं. त्या डोमेनचं भाडं कुणी भरलं नाही तर उद्या ते दुसरा कुणी घेतो आणि तुमच्या दारातली जुनी सूटही त्याच्याकडे जाते.

याहून मोठं काम आपल्या बाजूला आहे. आपले मेल लोकांच्या स्पॅममध्ये जातात म्हणून सभासदांना ‘आम्हाला व्हाइटलिस्ट करा’ अशी विनवणी करणारी मंडळं आणि प्रकाशनं पुष्कळ आहेत. त्यांनी होस्टिंगवाल्याला एक फोन करून एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी करून घ्याव्यात, पत्रिकेच्या चित्राखाली चार ओळींचा मजकूर टाकावा, मेल नको असलेल्यांची नावं लगेच काढावीत. बहुतेकांना एवढं पुरतं. ज्याची सही जुळते, त्याला कुणाच्याही दारात सवलत मागत उभं राहावं लागत नाही.