सेकंदाला तीस गिरक्या

4 जुलै 1054. चीनच्या सोंग दरबारातल्या ज्योतिषांनी वृषभ राशीत, बैलाच्या शिंगाच्या टोकापाशी, एक अनोळखी तारा पाहिला आणि ‘पाहुणा तारा’ म्हणून त्याची नोंद केली. हा पाहुणा 23 दिवस भर दिवसाढवळ्या दिसत होता! रात्री तर पुढे जवळजवळ पावणेदोन वर्षं. आपल्याकडे कुणी तो टिपून ठेवला का, याचा शोध खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर आणि संस्कृतच्या अभ्यासक सरोजा भाटे यांनी जुन्या ग्रंथांतून घेतला. ठोस काही हाती लागलं नाही. जुलैतल्या ढगांचं निमित्त सांगता येईल, पण बाकीच्या दीड वर्षाचं काय?

तो पाहुणा म्हणजे साडेसहा हजार प्रकाशवर्षांवरचा एक भारी तारा, मरता मरता पेटलेला. अशा ताऱ्याच्या गाभ्यातून डोलारा तोलण्याइतकी ऊर्जा मिळेनाशी झाली की पृथ्वीएवढा गाभा सेकंदभरात आत कोसळतो. बाहेरचे थर उधळतात. मागे उरतो वीसेक किलोमीटरचा गोळा, म्हणजे न्यूट्रॉन तारा, वजनाला मात्र आख्ख्या सूर्याहून जड! गिरकी घेताना पसरलेले हात अंगाशी आवळले की वेग कसा वाढतो? इथे तर सगळा गाभाच आवळला गेला.

उधळलेल्या थरांचा ढग, म्हणजे क्रॅब नेब्युला, आजही सेकंदाला सुमारे दीड हजार किलोमीटर वेगानं फुगतोय. पण साडेनऊशेहून अधिक वर्षांपूर्वीचा स्फोट विझून गार व्हायला हवा होता ना? हा ढग तर हजारो सूर्यांच्या तोडीनं झळाळतोय. त्याला तेल कोण घालतंय?

1967 मध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रँको पाचिनी यांनी सुचवलं: आत चुंबकीय न्यूट्रॉन तारा गरगरत असेल, तर त्याच्या फिरण्यातूनच ही ऊर्जा मिळेल. पुढच्याच वर्षी रेडिओ दुर्बिणींना ढगातून ठोके ऐकू आले, सेकंदाला तीस! दीपस्तंभाचा झोत फिरावा तसा दर गिरकीला एक ठोका. मग कळलं की ही गिरकी मंदावतेय. किती? तर एका फेरीचा वेळ रोज सेकंदाच्या जेमतेम 36 अब्जांशांनी वाढतो. एवढ्याशा मंदावण्यातून जितकी ऊर्जा सुटते, तितकीच तो अवाढव्य ढग खर्च करतो. हिशेब चोख!

खरी गंमत पुढेच आहे. जानेवारी 1969 मध्ये ॲरिझोनात कॉक, डिस्ने आणि टेलर या संशोधकांनी हेच ठोके साध्या प्रकाशात शोधायला 36 इंची, म्हणजे तशी बेताचीच दुर्बीण ढगाच्या मध्याकडे वळवली. आलेला प्रकाश त्यांनी एकेका फेरीच्या मापानं कापून एकावर एक रचला, आणि पडद्यावर ठोका हळूहळू वर येऊ लागला. लुकलुकत होता तो मधला साधासा तारा, ज्याच्यावर खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर बाडे यांनी स्फोटाचा अवशेष म्हणून 1942 मध्येच बोट ठेवलं होतं. त्याचे फोटो कित्येक वर्षं निघत होते. पण फोटोची काच बराच वेळ उघडी ठेवायची, त्यात हजारो झगमगाट मिसळून एक मुकाट ठिपका उमटायचा.