नाताळच्या विधिमंडळापुढील हिंदी लोकांचे अर्ज



'अर्ज' हा शब्द कानीं पडतांच आपल्यापैकीं पुष्कळांच्या मनांत एक प्रकारची उदासीनता उत्पन्न होते. अर्ज करावा, तो एका कचेरींतून दुसऱ्या कचेरींत फिरावा आणि अखेर फडताळांत धूळ खात पडावा, असा त्याचा क्रम आपण गृहीतच धरतों. राजकारणांत तर 'अर्ज-विनंत्या' ही निंदेचीच संज्ञा होऊन बसली आहे. ही निंदा कितपत यथार्थ आहे, हें पाहण्यासाठीं आज एकच प्रकरण आपल्यापुढें मांडतों. दक्षिण आफ्रिकेंतील नाताळ वसाहतीच्या विधिमंडळाकडे तेथील हिंदी रहिवाशांनीं १८९४ सालीं केलेल्या अर्जाचें हें प्रकरण होय.

प्रथम तेथील परिस्थिति ध्यानांत घेऊं. ऊंसाच्या मळ्यांवर राबण्यासाठीं १८६० सालापासून हिंदुस्थानांतून करारबंद मजूर नाताळांत नेण्यांत येत होते. ह्या कराराला मजूर 'गिरमिट' म्हणत. गिरमिट संपल्यावर त्यांतील पुष्कळजण तेथेंच स्थायिक झाले. त्यांच्या मागोमाग मुख्यतः गुजराथेकडील व्यापारी गेले. १८९३ सालीं वसाहतीला जबाबदार राज्यपद्धति मिळाली. लोकनियुक्त असेंब्ली, सरकारनियुक्त कौन्सिल आणि असेंब्लीला जबाबदार असें प्रधानमंडळ, अशी तिची रचना होती. ज्याच्यापाशीं ५० पौंडांची स्थावर मिळकत असेल, किंवा जो वर्षाला १० पौंड भाडें भरीत असेल, त्यास मत देतां येई. हिंदी म्हणून कोणास वगळणारी अट त्या वेळच्या कायद्यांत नव्हती. १८९५ सालच्या मतदारयादींत गोरे मतदार ९,३०९, तर हिंदी मतदार अवघे २५१ होते. म्हणजे सुमारें सदतीस गोऱ्यांमागें एक हिंदी! तरीहि आशियाई लोकांचा मताधिकार काढून घेणारें बिल १८९४ सालीं असेंब्लीपुढें आलें.

हिंदी समाजाला ह्याची वार्ताहि नव्हती. एका दिवाणी दाव्याच्या निमित्तानें तेथें गेलेले तरुण बॅरिस्टर मोहनदास गांधी स्वदेशीं परत निघाले असतां निरोपसमारंभाच्या वेळीं वर्तमानपत्रांतील मजकुराकडे त्यांचें लक्ष गेलें. हिंदी लोकांकडून बिलास विरोध झाला नाहीं, हीच त्यांच्या नालायकीची खूण म्हणून सभागृहांत पुढें करण्यांत येत होती, असें त्यांनीं पुढें आत्मकथेंत नमूद केलें आहे. जो बोलत नाहीं त्यास कांहीं म्हणावयाचेंच नाहीं, असा अर्थ राज्यकर्ते नेहमींच काढतात.

आतां अर्जाची रीत पाहूं. ब्रिटिश पद्धतीच्या विधिमंडळांत कोणाहि प्रजाजनानें उठून बोलावयाचें नसतें. मात्र त्याचा लेखी अर्ज एखाद्या सभासदाच्या हस्तें सभागृहापुढें येऊं शकतो. अर्जाची भाषा नम्र असावी, हकीकत कलमवार मांडलेली असावी आणि शेवटीं निश्चित मागणी असावी, असे नियम असत. नाताळांतील हिंदी लोकांनीं प्रथम असेंब्लीचे अध्यक्ष, मुख्य प्रधान सर जॉन रॉबिन्सन व अॅटर्नी-जनरल हॅरी एस्कम ह्यांस तारा करून बिलाचा विचार लांबणीवर टाकण्याची विनंति केली. दोन दिवसांची मुदत मिळाली. तेवढ्यांत अर्ज तयार झाला. मुख्य प्रत एका वृद्ध गृहस्थानें सुंदर अक्षरांत लिहून काढली. व्यापारी आपापल्या व भाड्याच्या गाड्या घेऊन सह्यांसाठीं बाहेर पडले. सुमारें पांचशें सह्यांचा तो अर्ज जूनच्या अखेरीस असेंब्लीकडे गेला.

अर्जांतील युक्तिवाद मननीय आहे. हिंदी लोकांस प्रतिनिधिसंस्थांचा परिचय नाहीं, हा बिलाच्या पुरस्कर्त्यांचा मुख्य मुद्दा होता. त्यास उत्तर म्हणून अर्जदारांनीं आपल्या ग्रामपंचायतींचा दाखला दिला, सर हेन्री मेन ह्या इंग्रज पंडिताच्या ग्रंथाचा आधार घेतला आणि म्हैसूर संस्थानांतील प्रतिनिधिसभेकडे बोट दाखविलें. दयेची याचना बाजूस ठेवून प्रतिपक्षाच्याच ग्रंथकाराकडून त्याचें खंडन करविण्याची ही रीत होती.

तथापि बिल मंजूर झालेंच. मग लंडनमधील वसाहतमंत्री लॉर्ड रिपन ह्यांच्याकडे दुसरा अर्ज करण्याचें ठरलें. ज्यांच्या व्हाइसरॉयपदाच्या कारकीर्दींत, १८८२ सालीं, हिंदुस्थानांत स्थानिक स्वराज्याचा पाया घातला गेला, तेच हे रिपन! हिंदी मनुष्यास मत देणें कळतें कीं नाहीं, हें त्यांस कोणी समजावून सांगावयास नको होतें. पंधरा दिवसांत सुमारें दहा हजार सह्या जमल्या. अर्जाचा मजकूर पूर्णपणें समजल्यावांचून कोणाचीहि सही घ्यावयाची नाहीं, असा कार्यकर्त्यांचा निर्धार होता. अर्जाच्या हजार प्रती छापून वाटण्यांत आल्या, आणि लंडनच्या 'टाइम्स' पत्रानें ह्या मागणीस पाठिंबा दिला.

परिणाम काय झाला? ह्या बिलास राजसंमती मिळाली नाहीं. परंतु नाताळच्या प्रधानमंडळानें १८९६ सालीं दुसरा कायदा केला. त्यांत आशियाई हा शब्द नाहीं. ज्या देशांत पार्लमेंटरी मताधिकारावर आधारलेल्या निर्वाचित संस्था नाहींत, तेथील यूरोपेतर लोकांस यापुढें मतदार होतां येणार नाहीं, असें त्यांत म्हटलें. शब्द बदलले, हेतु तोच राहिला. यादींत आधींच असलेल्यांचा हक्क मात्र शाबूत राहिला.

तेव्हां अर्ज फुकट गेला असें म्हणावें काय? मला तसें वाटत नाहीं. त्यानें दोन वर्षांचा अवधि मिळविला. वर्णभेद उघडपणें कायद्यांत लिहिण्याची लाज राज्यकर्त्यांस वाटावयास लावली. आणि सह्या गोळा करतां करतां एक विखुरलेला समाज संघटित झाला. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें नाताळ इंडियन काँग्रेसची स्थापना झाली, हें त्याचें प्रत्यक्ष फळ होय.

अर्जाची मर्यादाहि ह्याच इतिहासांत दिसते. गिरमिट संपल्यावर नाताळांत राहणाऱ्या मजुरावर १८९५ सालच्या कायद्यानें वर्षाला ३ पौंडांचा कर बसला. प्रथम २५ पौंडांची सूचना होती. हिंदुस्थान सरकारनें ३ पौंडांस संमती दिली. बायको व वयांत आलेलीं मुलें ह्यांनाहि तो लागू असल्यामुळें चौघांच्या कुटुंबावर १२ पौंडांचा बोजा पडे. ह्या दुःखाची हकीकत सांगावयास गांधी १८९६ सालीं पुण्यास आले, तेव्हां टिळक व गोखले ह्या दोघांनीं त्यांस साहाय्य केलें आणि डॉ. भांडारकर सभेचे अध्यक्ष झाले. १९१० सालीं गोखल्यांनीं वरिष्ठ कायदेमंडळांत ठराव मांडला, आणि पुढील वर्षीं नाताळकडील मजूरभरती बंद झाली. १९१२ सालीं ते स्वतः दक्षिण आफ्रिकेंत गेले. तरीहि कर उठला नाहीं. १९१३ सालीं खाणींतील व मळ्यांतील हजारों मजुरांनीं संप केला, तुरुंगवास सोसला, तेव्हां कोठें १९१४ च्या कायद्यानें तो रद्द झाला.

म्हणून अर्ज ही न्यायाची पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे. परंतु पहिली पायरी गाळून वर चढतां येत नाहीं. १९१३ सालीं जो समाज संपावर उभा राहिला, त्यास एकत्र येण्याचा पहिला धडा १८९४ च्या सह्यांनीं दिला होता. आज आपल्या लोकसभेंतहि अर्ज-समिति आहे आणि सभासदाच्या द्वारें नागरिकाचा अर्ज तेथें पोहोंचूं शकतो. मात्र त्या कागदाचें वजन सह्यांच्या आंकड्यावरून ठरवूं नये. सही करणाऱ्यास आपण काय मागत आहों हें कितपत समजलें होतें, तेंच आधीं विचारावें.