चांदिपुरा ताप आणि उद्याचे शास्त्रज्ञ

पावसाळा सुरू झाला की मावळातील दवाखान्यांत तापाने फणफणलेली मुले घेऊन येणाऱ्या मातांची गर्दी वाढते. बहुतेक ताप साधे असतात व चार दिवसांत उतरतात. परंतु काही ताप असे आहेत की, सकाळी अंगणात खेळणारे मूल संध्याकाळी आचके देऊ लागते आणि एक-दोन दिवसांत दगावते. चांदिपुरा विषाणूमुळे होणारा मेंदूचा आजार हा त्यांपैकी एक होय. मावळ व लोणावळा परिसर या रोगासाठी ओळखला जात नाही, हे आधीच सांगितलेले बरे. उगाच भीती पसरू नये. मात्र ज्या संस्थेने हा विषाणू शोधून काढला ती लोणावळ्याहून लोकलने जाऊन गाठता येते, आणि त्या शोधाची हकिगत आपल्या तरुणांना ठाऊक असावी असे वाटते.

1952 साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन केले. आरंभी परदेशी तज्ज्ञांच्या हाताखाली येथील तरुण संशोधक विषाणू वेगळा करणे, तो ओळखणे व जपून ठेवणे ही कामे शिकले. पुढे कारभार पूर्णपणे भारतीयांच्या हाती आला आणि 1978 मध्ये केंद्राचे नाव राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था असे झाले. 1965 साली नागपुरात तापाची साथ असताना चांदिपुरा या वस्तीतील दोन रुग्णांच्या रक्तातून एक अनोळखी विषाणू मिळाला. भट्ट आणि रॉड्रिग्ज या संशोधकांनी 1967 मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. रेबीजच्या विषाणूचा हा दूरचा नातलग, आकाराने बंदुकीच्या गोळीसारखा. त्या वेळी तो फारसा घातक मानला गेला नाही. असल्या विषाणूवर वेळ व पैसा कशाला खर्चावा, असे कोणी त्या काळी विचारले असते, तर त्यास काय उत्तर देता आले असते कोण जाणे!

उत्तर मिळाले ते 2003 मध्ये. त्या वर्षीच्या उन्हाळ्या-पावसाळ्यात आंध्र प्रदेशात 329 बालकांना मेंदूच्या आजाराने ग्रासले व त्यांपैकी 183 दगावली. पुण्याच्या संस्थेने सहा रुग्णांच्या नमुन्यांतून विषाणू वेगळा केला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गोळीसारखा आकार दिसला आणि प्रतिपिंडांच्या कसोट्यांनी तो चांदिपुराच असल्याचे दाखविले. अशी कसोटी करायची तर ओळखीचा विषाणू किंवा त्याविरुद्धची प्रतिपिंडे हाताशी असावी लागतात. म्हणजेच एका पिढीने शिकून सांभाळलेले ज्ञान दुसऱ्या पिढीच्या उपयोगी पडले. (काही तज्ज्ञांनी या निदानाबद्दल वेगळे मत मांडले होते. विज्ञानात असा वाद होणे गैर नाही.)

त्यानंतर विदर्भात व गुजरातेत हा रोग पुन्हा पुन्हा आढळला. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीनुसार जून ते 15 ऑगस्ट 2024 या काळात मेंदूच्या तीव्र आजाराचे 245 रुग्ण आढळले व 82 मृत्यू झाले. त्यांपैकी 64 रुग्णांत चांदिपुरा विषाणू निश्चित झाला.

या रोगावर आजही खास औषध नाही, मान्यताप्राप्त लसही नाही. डॉक्टर आचके थांबवितात, मेंदूची सूज उतरविण्याचा प्रयत्न करतात, श्वासोच्छ्वास चालू ठेवतात. औषध का सापडत नाही? एक तर रोगाचा वेग. निदानाचा अहवाल येईपर्यंत अनेकदा सारे संपलेले असते. दुसरे असे की, साथ कोठे व केव्हा उद्भवेल याचा नेम नसतो आणि ती बहुधा गरिबांच्या खेड्यांत येते. औषध कंपनीला यात मोठी बाजारपेठ दिसत नाही. औषधाची चाचणी घ्यायची तर आराखडा, नैतिक समितीची परवानगी व प्रशिक्षित माणसे साथीच्या आधीच तयार हवीत.

म्हणूनच नव्या संशोधकाला केवळ परीक्षानळी हाताळता येऊन भागत नाही. पेशींवर व उंदरांवर औषध तपासणे हे झाले एक अंग. त्याला बालरोग कक्षात उभे राहून मुलाच्या वजनानुसार मात्रा कशी ठरते हे पाहावे लागते, घाबरलेल्या आईबापांना समजेल अशा भाषेत संमती मागावी लागते, आणि कुडाच्या व मातीच्या भिंतींच्या भेगांतून वाळूमाशी शोधावी लागते. डासाहूनही लहान असलेली ही माशी या विषाणूची वाहक मानली जाते. आपल्याकडे डॉक्टर एका वाटेने व जीवशास्त्राचे पदवीधर दुसऱ्या वाटेने जातात. दोघांची गाठ क्वचितच पडते. हा दोष मोठा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. तळेगाव दाभाडे येथे वैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्यात विषाणुविज्ञान संस्था आहे. मावळातील एखाद्या विद्यार्थ्याने दोन्हीकडचे शिक्षण घ्यायचे ठरविले तर अंतराची अडचण तरी नाही.

दरम्यान पालकांसाठी थोडे. तापात मुलाला आचके आले तर त्याला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, कांदा वा चप्पल हुंगविण्यात वेळ दवडू नये व तत्काळ रुग्णालय गाठावे. रक्ताचा किंवा मणक्यातील पाण्याचा नमुना तपासणीसाठी घ्यावा लागेल असे डॉक्टरांनी सांगितले तर शंका विचारून घ्यावी, पण केवळ भीतीपोटी नकार देऊ नये. 2003 साली रोगाचे नाव कळले ते अशाच नमुन्यांमुळे.