राजा गेला, कचेरी तीच!

नेपाळचा राजा ज्ञानेंद्र याने 1 फेब्रुवारी 2005 रोजी सारी सत्ता बळकावली. एप्रिल 2006च्या जनआंदोलनाने त्याला नमवले आणि 2008 साली राजेशाहीच संपली. पण राजे जातात, कारभारी राहतात. 1854च्या मुलुकी ऐनाने जातिभेदाला कायद्याचे रूप दिले होते. पिढ्यान्‌पिढ्या त्याच उतरंडीवर तेथील नोकरशाही पोसली गेली.

म्हणून 2007 साली नागरी सेवा कायदा बदलला. खुल्या स्पर्धेने भरायच्या जागांपैकी 45 टक्के जागा वंचित घटकांसाठी राखून ठेवल्या. आम्ही त्याचे स्वागतच करतो. मात्र हिशेब पाहा. या 45 टक्क्यांत दलितांचा वाटा 9 टक्के. म्हणजे शंभर जागांमागे जेमतेम चार! दलितांची लोकसंख्या मात्र सुमारे 13 टक्के.

घटनेला हात न लावता, केवळ कारभाराचे स्वरूप बदलून घटना निकामी करता येते, असा इशारा बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत दिला होता. इथला अनुशेष मोजताना आम्ही तो रोज अनुभवतो. सिंहासन हलवणे ही अर्धीच लढाई. खुर्चीवर कोण बसतो, हा प्रश्न काठमांडूतही विचारावा लागेल आणि मुंबईतही!