कुत्रा व मांजर यांच्यातील पट्टकृमी : जंतांच्या गोळीचे कार्य आणि मर्यादा

प्रस्तावना :

घरात पाळलेल्या किंवा महाविद्यालयाच्या आवारात वावरणाऱ्या कुत्र्यामांजरांच्या शेपटीखाली, अंथरुणावर अथवा विष्ठेत तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरट कण दिसतात, तेव्हा जंत झाल्याचे ओळखून गोळी दिली जाते. तीन-चार आठवड्यांनी तेच कण पुन्हा दिसू लागतात आणि गोळी निरुपयोगी असल्याचा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो. दुसरीकडे, असे कण दिसत नाहीत म्हणून प्राणी निर्धोक आहे असे मानणे त्याहून घातक ठरू शकते. गोळी नेमके काय करते आणि काय करू शकत नाही, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पट्टकृमींचे प्रकार व जीवनचक्र :

पट्टकृमी म्हणजेच टेपवर्म हा फितीसारखा चपटा परजीवी होय. त्याला स्वतःचे तोंड वा अन्ननलिका नसते. आश्रयदात्या प्राण्याच्या लहान आतड्यातील पचलेले अन्न तो आपल्या बाह्य आवरणातूनच शोषून घेतो. डोक्याकडून नवे खंड तयार होत जातात आणि शेपटाकडील परिपक्व, अंड्यांनी भरलेले खंड सुटून विष्ठेवाटे बाहेर पडतात. आपल्याला दिसणारे 'तांदूळ' म्हणजे हेच खंड होत. जीवनचक्र पूर्ण होण्यासाठी बहुतेक पट्टकृमींना दुसऱ्या एखाद्या मध्यस्थ प्राण्याची गरज असते आणि हा मध्यस्थ कोण, यावरच प्रतिबंधाचा मार्ग ठरतो.

१) डिपायलिडियम कॅनायनम : कुत्रा व मांजर या दोहोंत सर्वसामान्यपणे आढळणारा हा कृमी सुमारे अर्धा मीटरपर्यंत वाढतो. याचा मध्यस्थ पिसू होय; क्वचित कुत्र्याच्या अंगावरील ऊदेखील ही भूमिका बजावते. पिसवेची अळी कृमीची अंडी खाते, त्यांची वाढ पिसवेच्या शरीरात होते आणि अंग चाटताना वा चावताना प्राणी ती पिसू गिळतो. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत नवे खंड बाहेर पडू लागतात.

२) टीनिया गटातील कृमी : मांजराला हे उंदीर-घुशींच्या शिकारीतून, तर कुत्र्याला ससे व शेळ्या-मेंढ्यांच्या कच्च्या अवयवांतून लागतात.

३) एकिनोकॉकस ग्रॅन्युलोसस : हा कुत्र्याच्या आतड्यात राहणारा, केवळ २ ते ७ मिलिमीटर लांबीचा आणि तीन-चार खंडांचा कृमी आहे. मेंढी, शेळी, गाय, म्हैस यांच्या यकृतात व फुप्फुसांत त्याच्या पाण्याने भरलेल्या गाठी वाढतात. असे अवयव कच्चे खाल्ल्याने कुत्र्याला बाधा होते.

यांपैकी पहिला कृमी डोळ्यांना दिसतो, किळस आणतो, परंतु प्राण्याला सहसा फारशी इजा करीत नाही. माणसाला त्याची बाधा पिसू पोटात गेल्यासच होते. ती प्रामुख्याने लहान मुलांत आढळते व उपचाराने सहज बरी होते. तिसरा कृमी मात्र विष्ठेत सहसा नजरेस पडत नाही. त्याची अंडी दूषित हात, भाजीपाला वा पाणी यांतून माणसाच्या पोटात गेल्यास यकृतात, फुप्फुसांत हायडॅटिड गाठी तयार होतात. त्या वर्षानुवर्षे लक्षणांविना वाढतात आणि अनेकदा शस्त्रक्रियेची वेळ आणतात. थोडक्यात, जे दिसते ते फारसे धोकादायक नाही आणि जे धोकादायक आहे ते दिसत नाही.

गोळीचे कार्य :

पट्टकृमींवरील प्रमुख औषध प्राझिक्वांटेल हे होय. १९७० च्या दशकात जर्मनीत ते विकसित झाले. या औषधाने कृमीच्या शरीरात कॅल्शियमचा लोंढा शिरतो, त्याचे स्नायू आकसून ताठर होतात आणि बाह्य आवरण फाटते. हा प्रवेश ज्या प्रथिन-मार्गातून होतो, तो शिस्टोसोमा या चपट्या कृमीत २०१९ मध्ये ओळखला गेला. जिवंत कृमीला पाचकरसांपासून वाचविणारे आवरणच नष्ट झाल्याने तो आतड्यातच पचून जातो. म्हणून गोळीनंतर विष्ठेत कृमी दिसला नाही, तर गोळी लागू पडली नाही असे समजू नये.

कुत्र्यासाठी मात्रा साधारणतः दर किलो वजनास ५ मिलिग्रॅम असते. आपल्याकडील अनेक संयुक्त गोळ्या दर १० किलो वजनास एक, या हिशेबाने बनविलेल्या असतात. वजन अंदाजाने धरल्यास मात्रा अपुरी पडते. म्हणून प्राणी तोलूनच औषध द्यावे. प्राझिक्वांटेल गोल जंतांवर परिणाम करीत नाही, त्यामुळे पायरँटेलसारखी औषधे त्यासोबत दिली जातात. याउलट फेनबेंडाझोल टीनियावर उपयुक्त असले, तरी डिपायलिडियमवर त्यावर विसंबता येत नाही. औषध अतिशय कडू असल्याने गोळी दाताखाली आल्यास मांजर तोंडातून फेस काढते. ही विषबाधा नव्हे. अगदी लहान पिल्ले व गाभण मादी यांना मात्र पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच औषध द्यावे.

मर्यादा :

पहिली मर्यादा अशी की, औषध शरीरात टिकून राहत नाही. काही तासांतच त्याचा निचरा होतो. दुसऱ्या दिवशी प्राण्याने बाधित पिसू गिळली, तर चक्र पुन्हा सुरू होते. तीन आठवड्यांनी दिसणारे खंड हे बहुधा या नव्या बाधेचे असतात. प्राझिक्वांटेलला न जुमानणारे डिपायलिडियम अमेरिकेतील कुत्र्यांत आढळल्याची नोंद २०१८ मध्ये झाली आहे. तथापि पिसवांचा बंदोबस्त केल्यावरही खंड येत राहिले, तरच ती शंका घेणे योग्य ठरते. पिसवांच्या अळ्या व कोश प्राण्याच्या अंगावर नव्हे, तर अंथरुणात, फटींत व धुळीत असतात. म्हणून घरातील सर्व प्राण्यांवर एकाच वेळी पिसूनाशक वापरणे आणि अंथरुणे गरम पाण्यात धुणे आवश्यक ठरते. येथे एक इशारा महत्त्वाचा आहे : कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिनयुक्त पिसूनाशक मांजरावर कधीही वापरू नये, ते मांजरासाठी प्राणघातक ठरू शकते.

दुसरी मर्यादा म्हणजे गोळीने कृमी मरतो, पण त्याची अंडी मरत नाहीत. एकिनोकॉकसची शक्यता असल्यास गोळीनंतरच्या दोन-तीन दिवसांची विष्ठा जाळणे वा खोल पुरणे हा उपचाराचाच भाग मानावा.

इतिहासाचा दाखला :

एकोणिसाव्या शतकात आइसलँडमध्ये हायडॅटिड रोगाने थैमान घातले होते. डॅनिश शास्त्रज्ञ हाराल्ड क्रॅबे यांनी १८६३ मध्ये तेथे जाऊन कुत्रा व मेंढी यांच्यातील हे चक्र अभ्यासले आणि पुढील वर्षी लोकांसाठी पुस्तिका लिहिली. गाठी असलेले अवयव कुत्र्यांना न देणे व कुत्र्यांवर नियमित उपचार करणे या मार्गाने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथील मानवी रोग जवळजवळ नाहीसा झाला. त्या वेळी प्राझिक्वांटेल अस्तित्वातही नव्हते. पुढे न्यूझीलंडमध्ये कुत्र्यांची तपासणी सुपारीतील अरेकोलिन या रेचक द्रव्याने केली जात असे. टास्मानियाने १९९६ मध्ये, तर न्यूझीलंडने २००२ मध्ये या रोगापासून तात्पुरती मुक्ती जाहीर केली. या यशात औषधाइतकाच वाटा मांसाच्या टाकाऊ भागांच्या विल्हेवाटीचा होता.

समारोप :

आपल्याकडे मांसविक्रीच्या दुकानांमागे टाकलेले अवयव व त्यांवर जगणारी मोकाट कुत्री हे दृश्य परिचित आहे. जागतिक आरोग्य संघटना हायडॅटिडच्या प्रादुर्भावाच्या प्रदेशात कुत्र्यांना वर्षातून किमान चार वेळा प्राझिक्वांटेल देण्याची शिफारस करते. परंतु टाकाऊ अवयव उघड्यावर पडत राहिले, तर ही मात्रा अपुरी पडणार हे उघड आहे. महाविद्यालयांनी आपल्या आवारातील प्राण्यांसाठी तोलून दिलेली गोळी, पिसवांचे नियंत्रण, वसतिगृहाच्या खानावळीतील कच्च्या मांसाच्या टाकाऊ भागांची बंदिस्त विल्हेवाट आणि हात धुण्याची सवय या चारही गोष्टी एकत्र राबविल्या, तर गोळीचा खर्च सार्थकी लागेल.